दत्तांच्या अंगाईगीतातील बाप

गेल्या मार्गशीर्षात आमच्या घरी नातीचे बारसे झाले. चिरंजीव व सूनबाई यांचे हे पहिलेच अपत्य. पहिले बाळंतपण माहेरी हा शिरस्ता या वेळी मोडला होता. दोघांच्याही नोकऱ्या इंदुरात, म्हणून विहीणबाईच आमच्याकडे येऊन राहिल्या होत्या. घुगऱ्या झाल्या, नाव ठेवून झाले, बायकांनी पाळणे म्हटले. मग कुणीतरी गमतीने चिरंजीवास म्हणाले, 'आता बापाने म्हणावे.' त्याने आमच्या आईकडून लहानपणी ऐकलेले कवी दत्त यांचे अंगाईगीत सुरू केले. दुसरे कडवे पुरे होण्याच्या आत विहीणबाई म्हणाल्या, 'जावईबापू, शुभकार्यात दारिद्र्याचे गाणे कशाला हो?' तो थांबला. बायकांनी रामजन्माचा पाळणा धरला आणि प्रसंग निभावला.

विहीणबाईंचा आक्षेप आम्ही त्या दिवशी हसून सोडला. पण नंतर असे ध्यानात आले, की तो आक्षेप नुसता सोवळा नाही, वाङ्मयीनही आहे. अंगाई ही बाळासाठी असते. या कवितेत बाळासाठी असे काय आहे?

दत्त म्हणजे दत्तात्रय कोंडो घाटे. जन्म १८७५, मृत्यू १८९९. म्हणजे उणेपुरे चोवीस वर्षांचे आयुष्य. त्यांचे पुत्र विठ्ठल दत्तात्रय घाटे १८९५ साली जन्मले. त्या वेळी बाप वीस वर्षांचाही झालेला नव्हता. आजच्या हिशेबाने महाविद्यालयात शिकणारा पोरच! त्याने लिहिलेली ही कविता गेली शंभरांहून अधिक वर्षे मराठी घरांतून म्हटली जाते, आणि बहुतेक वेळा ती बायका म्हणतात. त्यामुळे ती आईच्या तोंडची आहे असे आपण गृहीत धरतो. आमचाही समज पुष्कळ वर्षे तोच होता.

आता कवितेत काय घडते ते पाहू. सूर्य मावळला आहे, अंधार दाटला आहे. त्या अंधाराला उपमा कशाची, तर गरिबाच्या मनाची. जग निजले, पण बाळ जागे आहे. घर जीर्ण आहे. ते अजून उभे आहे तोवर झोपून घे, पुढची चिंता देवाला, असे त्यास सांगितले जाते. आणि मग कविता एका विलक्षण वळणावर येते. बोलणारा म्हणतो, तुला जन्म तर दिला, पण तुझ्यासाठी मागे काही ठेवले नाही. येथून पुढे चक्क यादी सुरू होते : छाया म्हणून आकाश, वस्त्र म्हणून दिशा, संपत्ती म्हणून दारिद्र्य, धंदा म्हणून भिक्षा. या सगळ्या उण्या नोंदींनंतर एकच जमेची नोंद उरते, ती सत्याची. ते तेवढे सोडू नकोस.

आमची सारी नोकरी मध्य प्रदेश शासनाच्या कोषालयांत गेली. जमा-खर्च वाचण्याची सवय हाडीमाशी खिळलेली, म्हणून कदाचित आम्हांस ही कविता अंगाईपेक्षा वारशाचे पत्रक वाटते. आणि म्हणूनच ती बापाची वाटते. आईच्या ओव्यांची भाषा अगदी वेगळी असते. साने गुरुजींनी 'स्त्री जीवन'मध्ये जमविलेल्या ओव्या ज्यांनी चाळल्या असतील त्यांस हे सांगणे नको. तेथे तान्हे दूध पिते, रडते, रांगते, त्याला तीट लागते, त्याची दृष्ट काढतात, मामा अंगडे-टोपडे घेऊन येतो. तेथे मूल देहाने हजर असते. दत्तांच्या कवितेतले बाळ काहीच करीत नाही. नुसते जागे राहते. त्याला नाक-डोळे नाहीत, मुठी नाहीत, वास नाही. काव्यदृष्ट्या हा दोष आहे असे आम्ही स्पष्टच म्हणू. दारिद्र्याच्या उपमा एकामागून एक येतात आणि त्यांच्या गर्दीत पाळणा दिसेनासा होतो. शिवाय ते पडके झोपडे हे त्या काळच्या कवितेतले ठरीव झोपडे आहे. एका शिकलेल्या तरुणाचे खरे राहते घर असे असेल, हे पटत नाही.

परंतु या दोषाचे कारण शोधू गेल्यास मात्र कविता उलगडते. बाळाचे नाक-डोळे या बापाला दिसत नाहीत, कारण त्याला ते जवळून पाहूच दिलेले नाहीत! आमच्या पिढीपर्यंत रीत काय होती? पहिलटकरीण सातव्या महिन्यात माहेरी जायची. बाळंतिणीची खोली, शेकशेगडी, वेखंडाचा व ओव्याचा धूर, पाचवी, सटवीची सहावी रात्र, बाराव्या दिवशी बारसे, हा सारा बायकांचा प्रदेश. जावई आला तर बारशाला, पाहुण्यासारखा, आणि बाळाच्या हातावर काहीतरी ठेवून परत. दोन-तीन महिन्यांनी बायको-मूल घरी आले तरी वडीलधाऱ्यांदेखत स्वतःचे मूल उचलून घेणे अप्रशस्त समजले जाई. अशा माणसाच्या वाट्याला बाळाचे काय येते? रात्री पलीकडच्या खोलीतून ऐकू येणारे रडणे, आणि पुढे काय होणार याची धास्ती. दत्तांची कविता नेमकी या दोन वस्तूंची बनलेली आहे. बाळाचे जागणे आणि बापाची धास्ती. आईने म्हटलेल्या ओवीत भविष्यकाळ आला तर तो मुलाच्या पराक्रमाचा किंवा लग्नाचा. येथे तो मागे काय उरेल याचा आहे.

आम्ही हे अनुभवाने म्हणतो. आमचे चिरंजीव जन्मले तेव्हा आम्ही घरापासून दोनशे किलोमीटरवर एका जिल्ह्याच्या गावी होतो. मार्च महिना, कोषालयातल्या माणसाला मार्च म्हणजे काय ते सांगावयास नको. रजेचा अर्ज वरिष्ठांनी न वाचताच बाजूला ठेवला. पुरुषाला अपत्यजन्मासाठी रजा ही कल्पनाच तेव्हा नव्हती. केंद्र शासनाने आपल्या कर्मचाऱ्यांस तशी पंधरा दिवसांची रजा दिली ती पुढे १९९७ साली. मुलाचे तोंड आम्ही पाहिले ते बाविसाव्या दिवशी. तोवर रोज रात्री आम्ही एकच उद्योग केला. भविष्य निर्वाह निधीत किती जमले, विम्याचे किती, गावच्या घरातला वाटा विकला तर किती, याची बेरीज. त्याचा रंग सावळा की गोरा हेसुद्धा आम्हांस ठाऊक नव्हते. तेव्हा दत्तांना दोष देताना हात थोडा अडखळतो.

या कवितेविषयी एक गोष्ट नेहमी सांगितली जाते, की कवी चार वर्षांत गेला, म्हणजे त्याला आपला मृत्यू दिसला होता. हे आम्हांस मान्य नाही. कविता म्हणजे पत्रिका नव्हे. चोवीसाव्या वर्षी दत्त गेले नसते, मुलाचे संसार पाहून सुखाने म्हातारे झाले असते, तरी या ओळी इतक्याच खऱ्या राहिल्या असत्या. पहिल्या मुलाबरोबर घरात मृत्यूचा विचारही प्रथमच नीट पाय टाकतो, हे ज्याला मूल झाले आहे त्याला ठाऊक असते. कालपर्यंत सायकल भरधाव हाणणारा तरुण आज चौकात थांबून दोन्हीकडे पाहतो.

खरी उणीव आम्हांस दिसते ती दुसरीच. या कवितेत आई कोठे आहे? बाप बोलतो, बाळ जागते, अंधार आहे, देव आहे; पण ज्या बाईने ते मूल नऊ महिने वाहिले तिची सावलीसुद्धा पडत नाही. उलट बाजूने पाहावे तर ग्वाल्हेरचे राजकवी भा. रा. तांबे निजल्या तान्ह्यावर खिळलेली माउलीची दृष्टी दाखवितात, गोविंदाग्रज 'राजहंस माझा निजला'मध्ये काळीज चिरणारी आई उभी करतात, ओव्यांत तर आईच आई आहे; आणि तेथे बाप नसतो. म्हणजे आपल्या कवितेने पाळण्याला एका वेळी एकच माणूस उभे केले. आई असेल तर लाड किंवा आकांत, बाप असेल तर चिंता. दोघे मिळून एका रडत्या पोराने हैराण झाली आहेत, एकमेकांवर चिडली आहेत, पहाटे हसत आहेत, असे घर आमच्या जुन्या कवितेत आम्हांस तरी सापडत नाही.

ते सापडते गद्यात. लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रां'त नवरा, बायको आणि दत्तू एकाच पानावर असतात. भांडणासकट, १८९५च्या धर्मांतराने झालेल्या ताटातुटीसकट आणि पुनर्मीलनासकट. लक्ष्मीबाईंना हे जमले, कारण त्या चिंतेला उपमा देत बसत नाहीत. काय घडले ते सांगतात. (आमच्या मंडळात 'स्मृतिचित्रे' विनोदी पुस्तक म्हणून वाचणारे काही सभासद आहेत. त्यांनी ते पुन्हा एकदा वाचावे.) आणि योगायोग असा, की त्या आठवणी त्यांच्याकडून लिहवून घेण्यात पुत्र देवदत्तांचाच पुढाकार होता.

तसाच योगायोग दत्तांच्या घरी घडला. ज्याला 'तुझ्यासाठी काही ठेवले नाही' असे सांगितले, त्या विठ्ठलाने मोठेपणी, १९२२ साली, बापाच्या कविता गोळा करून 'दत्तांची कविता' या नावाने छापल्या. पुढे वि. द. घाटे रविकिरण मंडळात आले, शिक्षणखात्यात नावाजले, 'दिवस असे होते' हे आत्मचरित्र लिहिते झाले, आणि १९५३ साली अहमदाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. अहमदाबादचे संमेलन म्हणजे आम्हां बृहन्महाराष्ट्रातल्या लोकांच्या आपुलकीची गोष्ट. चौथ्या वर्षी बाप गेलेल्या मुलाला बापाचा आवाज किती आठवत असेल? त्याच्या हाती आली ती कागदांची चळत. वारशाच्या यादीत कवीने ही एक नोंद करावयाचे राहूनच गेले होते.

विहीणबाईंना हे सारे आम्ही एका संध्याकाळी सांगितले. त्यांनी ऐकून घेतले आणि म्हणाल्या, 'ते खरे असेल, पण बारशाला नको ते नकोच.' यावर आमच्यापाशी उत्तर नाही, आणि त्या चुकल्या असेही आम्हांस वाटत नाही. ही पाळण्याची कविता नव्हे. पाळण्याभोवतीची गर्दी पांगल्यानंतरची आहे.

सध्या आमच्याकडे रात्रपाळ्या ठरल्या आहेत. बारा ते तीन चिरंजीव, तीननंतर सूनबाई. लंगोट बदलणे, छातीशी धरून ढेकर काढणे हे तो आमच्या डोळ्यांदेखत, न लाजता करतो. परवा दोनच्या सुमारास जाग आली तेव्हा तो गच्चीच्या दाराशी पोरीला खांद्यावर घेऊन येरझारा घालीत होता आणि तेच गीत गुणगुणत होता. मधले एक कडवे त्याला आठवेना. आतून सूनबाईंनी ते झोपेतच पुरे केले, पण आमच्या पाठांतरापेक्षा क्रम निराळा होता. कोणता बरोबर हे पाहण्यास १९२२ची मूळ प्रत हवी, आणि मंडळाच्या ग्रंथालयात ती नाही. कोणा वाचकांच्या घरी जुन्या पेटीत असल्यास त्यांनी चार दिवसांसाठी द्यावी. आम्ही स्वतः येऊन नेऊ व पोचती करू.