मध्यवर्ती भांडार की प्रकल्पाचे भांडार? : ‘पेप ४७०’ची चिकित्सा

प्रबंधासाठी वापरलेली सॉफ्टवेअर लायब्ररी दहा वर्षांनंतर त्याच रूपात मिळाली नाही, तर त्या प्रबंधातील आकडेमोड पडताळून पाहणे दुर्घट होते. यास्तव लायब्ऱ्यांचे वितरण एका मध्यवर्ती भांडारातून व्हावे की प्रत्येक प्रकल्पाने आपले भांडार स्वतः चालवावे, हा वाद केवळ सोयीचा मानता येत नाही. पायथन भाषेपुरता या वादाचा निकाल ‘पेप ४७०’ या प्रस्तावाने दिला. डोनल्ड स्टफ्ट यांनी तो २०१४ मध्ये मांडला.

२००३ मध्ये सुरू झालेले ‘पायपीआय’ आरंभी केवळ सूचीच्या स्वरूपाचे होते. लायब्ररीचे नाव तेथे नोंदवावयाचे आणि प्रत्यक्ष फाइल प्रकल्पाच्या संकेतस्थळावर ठेवावयाची, अशी पद्धत पुढेही दीर्घकाळ चालू राहिली. तीत दोन दोष होते. अनेक संकेतस्थळांपैकी एक जरी बंद पडले, तरी सगळी उभारणी अडे. आणि वाटेत फाइल कोणी बदलली नाही याची खात्री नसे. हे दोष दाखवून प्रस्तावाने बाहेरच्या फाइलींचा आधार काढून घेतला. साठवणीच्या दृष्टीने हा निर्णय योग्यच होय.

त्याचा लाभ मुंबई उपनगरातील पवई येथेही दिसतो. तेथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेत प्रभु रामचंद्रन व त्यांचे सहकारी यांनी ‘पायएसपीएच’ ही द्रवगतिकीची लायब्ररी सिद्ध केली. ती स्वतः, आणि याच गटाच्या ‘कंपाइल’ व ‘सायअ‍ॅरे’ या तिच्या आधारभूत लायब्ऱ्या, तिन्ही पायपीआयवर असल्याने एका आज्ञेने मिळतात. उलट, अनेक संगणकांवर गणित विभागण्यासाठी लागणारी सँडिया प्रयोगशाळेची ‘झोल्टन’ लायब्ररी निराळी मिळवून जोडावी लागते. साखळीचा जो दुवा भांडाराबाहेर राहतो, तेथेच नवख्या विद्यार्थ्याचे श्रम अधिक खर्ची पडतात.

तथापि प्रस्तावाचा दुसरा भाग तितका निर्दोष नाही. ज्यांना स्वतंत्र भांडार हवे असेल त्यांनी ते चालवावे व वापरणाऱ्याने ते पायपीआयच्या जोडीने नोंदवावे, असा मार्ग त्यात सुचविला आहे. पण ‘पिप’ हे साधन अशा दोन भांडारांत श्रेष्ठ-कनिष्ठ भेद करीत नाही. दोन्हीकडे एकच नाव आढळल्यास सामान्यतः वरच्या आवृत्तीची निवड होते. या उणिवेचा गैरफायदा कसा घेता येतो, हे अ‍ॅलेक्स बिरसन यांनी २०२१ मध्ये दाखविले. डिसेंबर २०२२ मध्ये ‘पायटॉर्च’ प्रकल्पास त्याचा प्रत्यक्ष फटका बसला. ‘टॉर्चट्रायटन’ ही त्याची लायब्ररी प्रकल्पाच्या भांडारात होती. त्याच नावाची घातक लायब्ररी कोणी पायपीआयवर चढविली आणि रोजच्या चाचणी-आवृत्त्या उतरवून घेणाऱ्यांच्या संगणकांत ती शिरली. साठवण कोठे असावी हे प्रस्तावाने ठरविले. नाव कोणाचे, हे मात्र अनिर्णीत ठेवले.

मध्यवर्ती भांडार म्हणजे चिरस्थायित्व, असेही समजू नये. मार्च २०१६ मध्ये ‘एनपीएम’ भांडारातून ‘लेफ्ट-पॅड’ ही अवघ्या ११ ओळींची लायब्ररी कर्त्याने काढून घेताच असंख्य प्रकल्पांची उभारणी थांबली. २०२१ मध्ये ‘जेसेंटर’ हे जावाचे मोठे भांडार त्याच्या चालकांनीच मिटविण्याचे जाहीर केले.

येथे ग्रंथव्यवहाराचा दाखला उद्बोधक ठरतो. १९५४ च्या कायद्यान्वये प्रकाशकास प्रत्येक ग्रंथाची प्रत नेमून दिलेल्या सार्वजनिक ग्रंथालयांकडे पाठवावी लागते. पण ग्रंथाचे उत्तरदायित्व प्रकाशकाकडेच राहते. जतन आणि उत्तरदायित्व ही दोन कार्ये भिन्न आहेत, हे या व्यवस्थेने ओळखले आहे. पायपीआयनेही २०२४ पासून फाइल कोणत्या मूळ प्रकल्पातून निघाली याचे प्रमाणपत्र तिच्याशी जोडण्याची सोय केली. ‘पेप ४७०’ने अनिर्णीत ठेवलेल्या प्रश्नाच्या दिशेने टाकलेले हे पाऊल होय; पण ते पुरेसे नाही. ज्या विभागात प्रबंध सिद्ध होतो, त्याने वापरलेल्या प्रत्येक लायब्ररीची आवृत्ती व तिच्या फाइलीचा अंकीय ठसा प्रबंधातच नोंदवून घ्यावा आणि त्या फाइलींची एक प्रत स्वतःजवळ जतन करावी. भांडार मध्यवर्ती असो वा प्रकल्पाचे, पडताळणीची अंतिम जबाबदारी त्यास सोपवून संशोधकास मोकळे होता येणार नाही.