फुगा वर गेला, पुढे काय?

या वेळी थोडी टीका करायची आहे, आणि तीही मला मनापासून आवडणाऱ्या गोष्टीवर: विद्यार्थ्यांनी सोडलेले उंच जाणारे फुगे आणि त्यांवर भरणाऱ्या परिषदा.

हा प्रकार माहीत नसेल तर आधी थोडक्यात सांगते. लॅटेक्सच्या मोठ्या फुग्यात हेलियम भरायचा. त्याला खाली पॅराशूट बांधायचं आणि त्याच्या खाली कॅमेरा, सेन्सर, जीपीएस ट्रॅकर ठेवलेले थर्माकोलचे डबे. फुगा सेकंदाला साधारण ५ मीटर चढतो, म्हणजे दीड-पावणेदोन तासांत ३० किलोमीटरच्या आसपास पोचतो. तिथे हवेचा दाब जमिनीवरच्या दाबाच्या जेमतेम १ टक्का असतो. फुगत फुगत फुगा शेवटी फुटतो, डबे पॅराशूटने खाली येतात आणि मुलं गाडी घेऊन ते शोधायला धावतात. उपग्रहाच्या मानाने खर्च अगदीच किरकोळ, त्यामुळे कॉलेजलाही हे परवडतं.

अमेरिकेत या विषयाला वाहिलेली 'अकॅडेमिक हाय-अल्टिट्यूड कॉन्फरन्स' २०१० मध्ये सुरू झाली. कल्पना उत्तमच आहे. पण अशा परिषदेचा नेहमीचा साचा बघा. प्रत्येक गट आपापलं उड्डाण करतो, मग आपापला निबंध किंवा पोस्टर घेऊन येतो. काळं आकाश आणि वक्र क्षितिज दाखवणारा फोटो, तापमानाचा एक आलेख, टाळ्या. माझा आक्षेप मुलांच्या कामावर नाही, आखणीवर आहे. परिषद उड्डाण झाल्यावर भरते, आणि तोपर्यंत महत्त्वाचे निर्णय घेऊन झालेले असतात.

तापमानाचंच उदाहरण घ्या. २५-३० किलोमीटरवर हवा इतकी विरळ असते की सेन्सरची उष्णता ती नीट वाहून नेऊ शकत नाही. ऊन मात्र थेट लागत असतं. म्हणजे सेन्सर बऱ्याच अंशी उन्हाने तापलेलं स्वतःचंच तापमान सांगतो, हवेचं नाही. त्यात फुग्याचं तापलेलं रबर मागे कोमट हवेचा पट्टा सोडत जातं, आणि दोरी आखूड असली की डबे त्याच पट्ट्यातून वर चढतात. आता एका गटाचा सेन्सर डब्याच्या आत, दुसऱ्याचा बाहेर, तिसऱ्याचा काळ्या टेपखाली. हे तीन आलेख शेजारी लावले तरी तुलना कशाची करणार? परिषदेत हे कोणाच्या तरी लक्षात येतं, प्रश्न विचारला जातो, 'पुढच्या वेळी बघू' असं उत्तर येतं. पुढच्या वेळी ती मुलं पास होऊन गेलेली असतात.

खरी अडचण इथेच आहे. विद्यार्थी दोन-तीन वर्षांत बदलतात, त्यामुळे कॉलेजला स्वतःची आठवण फारशी नसते. काही जीपीएस रिसीव्हर निर्यातीच्या नियमांमुळे १८ किलोमीटरच्या वर आकडे देणं थांबवतात. ही एका ओळीची माहिती आहे, पण ती कुठे लिहिलेली नसली तर दर नव्या बॅचला एकेक फुगा गमावूनच शिकावी लागते. ही आठवण जपायचं काम परिषदेचं आहे. फसलेल्या उड्डाणांना कार्यक्रमात जागाच नसेल तर ते होणार कसं?

दुसऱ्या पद्धतीने हे जमतं, याचा पुरावाही अमेरिकेतलाच आहे. १४ ऑक्टोबर २०२३ आणि ८ एप्रिल २०२४ च्या सूर्यग्रहणांसाठी देशभरातल्या पन्नासहून अधिक गटांनी एकत्र काम केलं. त्यातल्या वातावरण-अभ्यासाच्या गटांनी आधी प्रशिक्षण घेतलं आणि ठरलेल्या पद्धतीने तासातासाला रेडिओसाँड सोडले. ग्रहणाची सावली सरकताना वातावरणात तरंग उठतात का, हा प्रश्न होता (लायगोवाल्या गुरुत्वीय लहरी वेगळ्या बरं का). एकट्या कॉलेजच्या एका फुग्याने याचं उत्तर मिळणं अशक्य. एकच पद्धत पाळणाऱ्या अनेकांनी मिळून मात्र शोधता येतं. मुलं तशीच, फुगेही तसेच. फरक एवढाच की सगळे आधी एकत्र बसले.

यावर कोणी म्हणेल, 'अगं, ही शिकणारी मुलं आहेत, त्यांना संशोधनाच्या कसोट्या कशाला?' मान्य आहे, पहिल्या उड्डाणाचं कौतुक व्हायलाच हवं. पण आपला आकडा दुसऱ्याच्या आकड्याशी का जुळत नाही, हे शोधण्यात जे शिक्षण आहे ते फोटोत नाही.

आपल्याकडेही हे लागू पडतं. टीआयएफआरचं हैदराबादचं बलून केंद्र पन्नासहून अधिक वर्षं वैज्ञानिक उड्डाणं करतंय, म्हणजे अनुभव घरातच आहे. फेब्रुवारी २०२१ मध्ये रामेश्वरमहून फुग्यांबरोबर विद्यार्थ्यांची १०० छोटी उपकरणं वर गेली. त्यात महाराष्ट्रातलीही बरीच मुलं होती. बातम्यांमध्ये त्यांना 'उपग्रह' म्हटलं गेलं. फुगा कक्षेत जात नाही, त्यामुळे तो शब्दच चूक. पण मला जास्त खटकलं ते हे, की चर्चा विक्रमाची झाली, मोजमापांची नाही.

तेव्हा पुण्यात किंवा नागपुरात कोणी अशी परिषद आखत असेल, तर माझ्या तीन सूचना. परिषद उड्डाणांच्या हंगामाच्या आधी भरवा, आणि सगळ्यांनी मिळून विचारायचा एक प्रश्न तिथेच ठरवा. प्रत्येक गटाच्या दोऱ्यावर एक सारखा डबा असू द्या: तोच सेन्सर, तीच जागा, तीच दोरीची लांबी. बाकीचे डबे ज्याचे त्याने हवे तसे करावेत. आणि अर्धा दिवस फक्त हरवलेल्या, गोठलेल्या, बंद पडलेल्या पेलोडसाठी राखून ठेवा, ते सगळं लिहून काढा आणि सर्वांना वाचायला खुलं करा.

उद्घाटनाचं भाषण थोडं कमी केलं तर वेळही निघेल.