संशयित राशी : यंत्रांच्या इशारा-संकेतांचे एक परीक्षण

भाषा व वाङ्मय यांच्या अभ्यासाला वाहिलेल्या पत्रिकेत अवजड यंत्रांच्या इशारा-संकेतांचे परीक्षण यावे, हे काही वाचकांस विचित्र वाटण्याचा संभव आहे. परंतु 'संकेत' हा शब्दच मुळी आपल्या शास्त्रातला आहे. अमुक शब्दाने अमुक अर्थ समजावा, असा शब्द आणि अर्थ यांमधील जो ठराव, तो संकेत. आणि हा ठराव ठाऊक असूनही अर्थ चुकतो कसा, हा टीकेचा जुना प्रश्न आहे. यंत्राच्या पडद्यावर उमटणारे दोन आकडे हाही एक लहानसा पाठच होय. कविता चुकीची वाचली तर रसभंग होतो; हा पाठ चुकीचा वाचला तर इंजिन जाते, किंवा धडधाकट सुटा भाग फेकला जाऊन मालकाचा पैसा आणि कामाचा हंगाम जातो. हा पाठ आज अभिधेने वाचला जातो, वस्तुतः तो अनुमानाने वाचावयास हवा, आणि या चुकीत मराठी वाक्याचाही वाटा आहे, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

प्रथम पाठाची ओळख करून घेऊ. ही संकेतपद्धती अमेरिकेतील मोटार-अभियंत्यांच्या 'एसएई' या संस्थेची असून जे-१९३९ या क्रमांकाने ती ओळखली जाते. यंत्रातील निरनिराळे नियंत्रक एकाच तारजोडीवरून परस्परांशी बोलतात, ती 'कॅन' नावाची योजना जर्मनीच्या बॉश कंपनीने १९८६ साली पुढे आणली. तिच्यावर ही पद्धती उभी आहे. त्याच कंपनीचा एक कारखाना नाशिकच्या सातपूर वसाहतीत आहे, आणि डिझेल इंजिनात इंधन फवारणारे भाग तेथे बनतात. स्वीडन-फिनलंडच्या अरण्यांत उभे झाड धरून, कापून, फांद्या सोलून ओंडके पाडणारी जी अजस्र यंत्रे चालतात, त्यांच्या इंजिनांची भाषा प्रायः हीच. नाशिक जिल्ह्यातील सागवानी रानांत तशी यंत्रे पाहावयास मिळत नाहीत. येथे पेठ-सुरगाण्याच्या डोंगरउतारांवर माती आणि पाणी अडवण्यासाठी समतल चर खोदणारे खोदाईयंत्र, ज्याला आपण एका फ्रेंच कंपनीच्या नावावरून 'पोकलेन' म्हणतो, ते या भाषेचे मुख्य वक्ते होय. बांधकाम-यंत्रांसाठी एप्रिल २०२१ पासून आणि ५० अश्वशक्तीवरील ट्रॅक्टरांसाठी जानेवारी २०२३ पासून धुराचे कडक नियम लागू झाले. ते पाळण्यासाठी डिझेलची फवारणी विद्युत्-नियंत्रणाखाली गेली, आणि ज्या रानात पूर्वी मिस्त्रीचा कान पुरे होत असे, तेथे आकड्यांचे वाचन अपरिहार्य झाले.

या पाठाची रचना अत्यंत मोजकी आहे. त्यात मुख्यतः दोन संख्या असतात. पहिली संख्या कोणत्या राशीविषयी बोलणे चालले आहे ते सांगते : १०० म्हणजे इंजिन-ऑइलचा दाब, ११० म्हणजे इंजिन थंड राखणाऱ्या पाण्याचे तापमान, ९७ म्हणजे डिझेलमध्ये आलेले पाणी. दुसरी संख्या त्या राशीचे काय बिघडले त्याचा प्रकार सांगते. हे प्रकार ० ते ३१ असे आहेत. याखेरीज हा दोष किती वेळा घडला, तो आत्ता चालू आहे की पूर्वी घडून गेला, हेही नियंत्रकाने नोंदवलेले असते.

पहिल्या संख्येचे मूळ नाव मराठीत उतरवायचे तर 'संशयित राशीचा क्रमांक' असे म्हणावे लागेल. नाव ठेवणाऱ्याने 'दोषी' हा शब्द वापरला नाही, 'संशयित' हा वापरला. संपूर्ण पद्धतीचा विवेक या एका विशेषणात साठवलेला आहे. नियंत्रक न्यायनिवाडा करीत नाही. तो फिर्याद नोंदवतो आणि चौकशी वाचकावर सोपवतो. आपल्याकडील वाचनात नेमके हेच विशेषण गळून पडते.

एक उदाहरण घेऊ. पडद्यावर १०० आणि १ हे आकडे आले, तर त्यांचा अर्थ असा की, ऑइलचा दाब नेहमीच्या मर्यादेच्या फार खाली गेला आहे आणि मोजमाप ग्राह्य धरलेले आहे. अशा वेळी इंजिन तत्काळ बंद करणे एवढेच कर्तव्य उरते. मग ऑइलची पातळी पाहावी, आणि पुढे साध्या यांत्रिक मापकाने दाबाची खातरजमा करावी. आता १०० आणि ४ हे आकडे आले असे समजा. राशी तीच, पण म्हणणे अगदी निराळे. येथे सेन्सरकडून येणारा विद्युत्-दाब मर्यादेखाली आहे, म्हणजे बहुधा तार कोठेतरी यंत्राच्या अंगाला टेकली आहे, किंवा सेन्सर आतून शॉर्ट झाला आहे. ऑइलचा दाब कमी आहे असे या संकेताने म्हटलेलेच नाही. तो किती आहे हे आपणास कळत नाही, एवढेच त्याने म्हटले आहे.

आपल्या परिभाषेत सांगायचे तर ० आणि १ हे प्रकार प्रमेयाविषयी बोलतात, आणि ३, ४, ५ हे प्रमाणाविषयी बोलतात. पहिल्या गटात साक्षीदार विश्वासार्ह मानून त्याच्या साक्षीवरून संकटाची वार्ता दिली जाते. दुसऱ्या गटात साक्षीदारच संशयाच्या पिंजऱ्यात उभा असतो. हा भेद ज्याला कळला त्याला या पद्धतीचे निम्मे व्याकरण कळले. अर्थात पहिल्या गटातही साक्षीदार ग्राह्य धरलेला असतो, सत्यवचनी ठरलेला नसतो. मर्यादेच्या आत राहून खोटे बोलणारा सेन्सर नियंत्रकाला पकडता येईलच असे नाही. म्हणूनच यांत्रिक मापकाची दुसरी साक्ष आवश्यक ठरते.

आता प्रचलित वाचनाकडे वळू. पिवळा दिवा लागला, आकडे आले, की कार्यशाळेत सर्रास ऐकू येणारे वाक्य म्हणजे 'सेन्सर गेला'. या दोन शब्दी निकालात दोन्ही संख्या विरघळून जातात. याचे तर्कदोषाच्या दृष्टीने परीक्षण केले पाहिजे. न्यायशास्त्राच्या विद्यार्थ्याला पर्वतावरील धुराचे उदाहरण पाठ असते. धूर दिसला तर अग्नीचे अनुमान निर्दोष. पण अग्नी आहे म्हणून धूर असलाच पाहिजे, हे अनुमान सदोष, कारण तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो आणि धूर नसतो. धुरासाठी ओले सरपण हा उपाधी लागतो. व्याप्ती एका दिशेने खरी असली म्हणजे उलट दिशेने खरी असतेच असे नाही. 'सेन्सर आतून तुटला की ३ हा प्रकार येतो' हे तापमानाच्या साध्या सेन्सरबाबत खरे आहे. पण '३ आला म्हणजे सेन्सर तुटला' हे खरे नाही. उंदराने तार कुरतडली, कपलरमध्ये ओल शिरून पिन गंजली, तरीही तोच ३ येतो. हेतू अनैकान्तिक आहे, आणि अनैकान्तिक हेतूवर नवा सेन्सर विकत घेणे हा महागडा हेत्वाभास होय.

निर्दोष वाचन कसे करावे याचा मार्गही आपल्याच शास्त्रात आहे. त्याला अन्वय-व्यतिरेक म्हणतात. पाण्याच्या तापमानाचा दोन तारांचा सेन्सर घ्या. त्याचा विरोध तापमान वाढले की कमी होतो. नियंत्रक त्याला ५ व्होल्टच्या आतील विद्युत्-दाब पुरवून परत येणारा दाब वाचतो. तार तुटली तर दाब वर चढून ५ व्होल्टच्या जवळ जातो आणि ११०-३ हा संकेत उमटतो. मौज अशी की, तापमान म्हणून वाचू गेल्यास हाच दाब कडाक्याची थंडी दाखवील. आता कपलर सोडवून तारेकडील बाजूच्या दोन पिना एका तारेच्या तुकड्याने जोडाव्यात. संकेत ३ चा ४ झाला, तर तार आणि नियंत्रक दोन्ही ठीक, दोष सेन्सरमध्ये किंवा त्याच्या पिनांत. संकेत ३ च राहिला, तर दोष तारेत किंवा नियंत्रकाकडे. उलट, मुळात ११०-४ आला असेल तर कपलर नुसता सोडवावा : ४ चा ३ झाला तर सेन्सर शॉर्ट आहे, ४ कायम राहिला तर तार अंगाला टेकली आहे. ही कसोटी तापमानाच्या दोन तारांच्या सेन्सरपुरतीच समजावी. ज्या सेन्सरला वीजपुरवठ्याची तिसरी तार असते तेथे पिना जोडण्याचे धाडस करू नये. हेतू घालवला असता साध्य जाते का, आणला असता येते का, हे पाहण्याची ही रीत दोन मिनिटांची आहे आणि तिला पैसा लागत नाही.

भर्तृहरीने अर्थनिश्चयाची जी साधने सांगितली, त्यांत साहचर्य आणि प्रकरण ही दोन आहेत. तीही येथे जशीच्या तशी लागू पडतात. तीन निरनिराळ्या सेन्सरांचे संकेत एकाच क्षणी उमटले, तर तिघे एकदम मेले असे मानणे भाबडेपणाचे. त्यांना ५ व्होल्टचा पुरवठा एकाच तारेतून होत असेल, तर त्या तारेतील एक दोष तिघांनाही खाली ओढतो. एकेकट्या संकेताचा अर्थ लावू पाहणारा येथे हमखास फसतो. प्रकरण म्हणजे दोष घडला तेव्हाची परिस्थिती : चढावर घडला की सपाटीवर, इंजिन गार असताना की तापल्यावर, तार हलवल्यावर की न हलवता. म्हणूनच तपासणीपूर्वी संकेत पुसून टाकण्याची घाई हा पाठभ्रंश समजावा. संकेत आणि त्यांची आवृत्तिसंख्या आधी कागदावर उतरवून घ्यावी, मग पुसावे.

येथे एक शंका उपस्थित होईल. अनुभवी मिस्त्री आकडे पाहताच दोषाची जागा सांगतो. त्याचे ज्ञान अनुमानाच्या पायऱ्यांनी आलेले दिसत नाही, ते ध्वनीसारखे एकदम स्फुरते, असे कोणी म्हणेल. आनंदवर्धन आणि महिमभट्ट यांचा वाद या शंकेत पुन्हा उभा राहतो. महिमभट्टाने अकराव्या शतकात 'व्यक्तिविवेक' लिहून, प्रतीयमान अर्थ हा अनुमानानेच मिळतो, त्यासाठी व्यंजना नावाची वेगळी शक्ती मानण्याचे कारण नाही, असे प्रतिपादन केले. काव्याच्या प्रांतात परंपरेने त्याला मान्यता दिली नाही, कारण काव्यातील हेतूंची व्याप्ती निश्चित करता येत नाही. यंत्राच्या प्रांतात मात्र व्याप्ती तपासून पाहता येते. म्हणून येथे महिमभट्टाचाच पक्ष बलवत्तर ठरतो. मिस्त्रीचे स्फुरण हे पुष्कळदा केलेले, सवयीने संक्षिप्त झालेले अनुमानच आहे. ते चुकते तेव्हा पायऱ्या पुन्हा उलगडाव्याच लागतात.

मूळ तक्ताही निर्दोष नाही, हे नोंदवणे परीक्षकाचे कर्तव्य आहे. प्रकार २ मध्ये अस्थिर, मधूनच तुटणारी आणि चुकीची अशी तीन जातींची माहिती एकाच खात्यात टाकली आहे. वाचकाला त्यांतून निवड करण्याचे काही साधन दिलेले नाही. प्रकार १२ तर थेट घटकालाच खराब ठरवतो, आणि 'संशयित' या विशेषणाने राखलेला संयम तेथे सुटतो. उलट प्रकार ११ चा अर्थ 'मूळ कारण ज्ञात नाही' असा आहे. आपले अज्ञान क्रमांक देऊन नोंदवणारा तक्ता विरळा, आणि त्याबद्दल रचनाकारांचे कौतुक केले पाहिजे.

शेवटी प्रश्न उरतो तो मराठीचा. १९६० साली स्थापन झालेल्या भाषा संचालनालयाने यंत्र-अभियांत्रिकीचा परिभाषा कोश सिद्ध करून शब्द पुरवले, हे मोठे कार्य आहे. परंतु शब्द मिळाले म्हणजे वाक्य मिळाले असे होत नाही. 'सेन्सर'ला 'संवेदक' म्हटल्याने 'संवेदक गेला' हे वाक्य 'सेन्सर गेला' या वाक्याहून अधिक खरे होत नाही. मराठी सूचनापुस्तिकेला आज हवी आहे ती प्रमेय आणि प्रमाण यांतील भेद सांभाळणारी वाक्यरचना. शब्द कार्यशाळेतलेच राहिले तरी चालतील. १००-१ साठी लिहावे : 'ऑइलचा दाब फार कमी झाला आहे. इंजिन ताबडतोब बंद करा.' १००-४ साठी लिहावे : 'ऑइलचा दाब किती आहे हे कळत नाही. तार, कपलर आणि सेन्सर या क्रमाने तपासा. दाबाची खात्री होईपर्यंत काम सुरू ठेवू नका.' या वाक्यांत एकही अवघड शब्द नाही. कठीण आहे तो 'कळत नाही' असे लिहिण्याचा प्रामाणिकपणा.

हा भेद किती मोलाचा आहे ते सुरगाण्याच्या एखाद्या उतारावर मे महिन्याच्या अखेरीस उभे राहिले म्हणजे समजते. चर मृगापूर्वी पुरे व्हायचे असतात, यंत्र तासावर भाड्याने घेतलेले असते, आणि मिस्त्री नाशिकहून घाट चढून यायचा असतो. ऑपरेटरने दूरध्वनीवर 'सेन्सरचं काहीतरी दाखवतंय' एवढेच सांगितले, तर मिस्त्री अंदाजाने एक भाग घेऊन येतो आणि बहुधा दुसऱ्या दिवशी पुन्हा येतो. ऑपरेटरने दोन्ही आकडे आणि दिव्याचा रंग सांगितला, तर मिस्त्री कधी तारेचे भेंडोळे घेऊन निघतो, आणि कधी 'इंजिन चालू करू नका, मी येतो' असे सांगून ते वाचवतो. दोन दिवस यंत्र थांबले तर तेवढे चर अपुरे राहतात, आणि त्या उतारावरचे पाणी त्या वर्षापुरते वाहून जाते.