क्रियापदाला चिकटलेला माणूस

शालेय व्याकरणात आज्ञार्थाचा धडा लहानसा असतो. आज्ञा, विनंती, उपदेश, प्रार्थना, आशीर्वाद एवढे अर्थ सांगून झाले की गुरुजी पुढे वळतात. धीर देणे हा अर्थ त्या यादीत सहसा नसतो. शिक्षक म्हणून आणि कादंबरीकार म्हणूनही मला ही उणीव जाणवते. कारण पाऊल अडलेल्या माणसाला पुष्कळदा एखादे आज्ञार्थी क्रियापदच हवे असते. मग हुकूम कोठे संपतो आणि धीर कोठे सुरू होतो?

स्पॅनिश भाषेत होकारार्थी आज्ञा करताना सर्वनाम क्रियापदाच्या शेवटी जोडून एकच शब्द करतात. खचलेल्या मित्राला तेथे ‘अनीमाते’ म्हणतात. ‘अनीमा’ म्हणजे उभारी दे आणि ‘ते’ म्हणजे स्वतःला. आदराने बोलायचे तर ‘अनीमेसे’. आज्ञा नकारार्थी झाली की तेच सर्वनाम सुटून क्रियापदाच्या आधी जाऊन बसते. ‘नो ते रिंदास’, म्हणजे हार मानू नकोस.

मराठीत सर्वनाम असे चिकटत नाही. पण म्हणून आपली आज्ञा कोरडी ठरत नाही. ‘जेव’ म्हणणे वेगळे आणि ‘जेवून घे’ म्हणणे वेगळे. त्या ‘घे’मध्ये ‘तुझ्यासाठी’ हा शब्द दडलेला आहे. ‘लिही’ म्हटले की मूल दचकते, ‘लिहून बघ’ म्हटले की पाटी पुढे ओढते. कारण ‘बघ’ने त्याला चुकण्याची मुभा दिलेली असते. आमचे तेरखेडा फटाक्यांच्या कारखान्यांचे गाव. दिवाळीत फुलबाजी हातात धरून नातू बिचकला, तर आजी नुसते ‘लाव’ म्हणत नाही. ‘लाव की रं, मी हाय ना!’ म्हणते. ‘रं’मध्ये नातू आला आणि ‘मी’मध्ये आजीही आली.

आपल्या साहित्यात या रूपाचे सर्वांत हृद्य उदाहरण मला ताटीच्या अभंगांत दिसते. आमच्या जिल्ह्यातल्या तेरच्या गोरोबाकाकांनी थापटण्याने संतांची कच्ची-पक्की मडकी पारखली, त्या कथेतली मुक्ताबाई सर्वांना ठाऊक आहे. तीच येथे बंद झोपडीबाहेर उभी आहे. लोकांच्या बोलण्याने दुखावलेले ज्ञानेश्वर ताटी लावून आत बसले आहेत, असे परंपरा सांगते. अभंगांचा बांधा पाहा. संताने कसे वागावे, जग रागाने पेटले तरी त्याने पाण्यासारखे कसे असावे, हा उपदेश ती ‘व्हावे’सारख्या विध्यर्थी रूपांत करते; तो साऱ्या संतांना लागू आहे. ध्रुपदात मात्र शुद्ध आज्ञार्थ येतो आणि त्याला लागूनच भावाचे नाव येते. धाकटी बहीण थोरल्याशी आदरार्थी बोलते, पण मागते ती एकच छोटी गोष्ट, दार उघडण्याची. एवढा मोठा उपदेश त्या छोट्या क्रियापदाच्या आधाराने उभा आहे. ध्रुपद काढून घेतले, तर मागे सुंदर नीतिवचने राहतील, बहीण राहणार नाही.

कुसुमाग्रजांच्या ‘कणा’ या कवितेत हेच नाते उलट दिशेने येते. पुराने घर धुऊन नेलेला विद्यार्थी सरांकडे येतो. सरांचा हात खिशाकडे जातो, तर तो पैसे नाकारतो आणि मागतो काय, तर पाठीवर हात आणि लढण्याची आज्ञा! सरांशी तो आदराने बोलतो. स्वतःसाठी मात्र एकेरी क्रियापद मागून घेतो. हात नसता, तर ते क्रियापद कवायतीच्या मैदानावरचे वाटले असते. पाठीवरचा हात हेच येथले चिकटलेले सर्वनाम होय.

वर्गात दिवसभर आज्ञार्थच घुमत असतो. ऊठ, बस, गप्प राहा, पाठ कर. यांतला एकही शब्द वाईट नाही. त्याला माणूस जोडलेला आहे की नाही, एवढेच पाहायचे. फळ्यापुढे थिजलेल्या मुलीला ‘सांग’ म्हणणे आणि ‘सांग गं सुमे, जमेल तसं’ म्हणणे यांत अक्षरे थोडीच वाढतात. पण पहिल्या वाक्याने ती परीक्षेला उभी राहते आणि दुसऱ्याने आपल्या माणसांत.

दिवाळीत घर भरलेले असते, तरी एखाद्या खोलीची ताटी लागलेली असू शकते. निकालाने खचलेला मुलगा, नोकरी सुटलेला भाऊ, अबोल झालेली सून. फराळाला ‘चला’ ही हाक सर्वांसाठी असते. त्या दारापाशी जाऊन मात्र नाव घेऊनच म्हणावे लागते.