दारातच लागलेला निकाल : टायगर ग्लोबलचा एएआर आदेश कसा वाचावा

कराचा आदेश हातात आला की आपण बहुतेक जण आधी शेवटचं पान उघडतो. करदाता जिंकला की खातं? शीटमध्ये 'फेटाळला' असं लिहून पुढच्या आदेशाकडे वळायचं. परदेशी गुंतवणूक फंडांच्या अर्जांवर काम करणार असाल तर ही सवय महागात पडेल. का, ते एका आदेशातून दाखवतो.

टायगर ग्लोबलच्या मॉरिशसमधल्या तीन कंपन्यांनी २०११ ते २०१५ दरम्यान फ्लिपकार्टचे शेअर घेतले. ही फ्लिपकार्ट सिंगापूरला नोंदलेली, पण तिची किंमत भारतातल्या धंद्यावर उभी. २०१८ मध्ये वॉलमार्टच्या खरेदीत हे शेअर लक्झेंबर्गच्या एका कंपनीला विकले गेले. प्रश्न असा: भारत-मॉरिशस करार असताना या नफ्यावर भारतात कर लागतो का? आगाऊ उत्तर मिळावं म्हणून कंपन्या अ‍ॅडव्हान्स रूलिंग देणाऱ्या प्राधिकरणाकडे, म्हणजे एएआरकडे गेल्या.

इथे दोन पायऱ्या असतात, हे नीट लक्षात घ्या. आधी अर्ज दाखल करून घ्यायचा की नाही ते ठरतं, मग प्रश्नाचं उत्तर. तेव्हाच्या आयकर कायद्याचं कलम २४५आर(२) सांगत होतं की व्यवहार 'प्रथमदर्शनी' कर टाळण्यासाठी रचलेला असेल तर अर्ज घेऊच नये. मार्च २०२० मध्ये एएआरने याच आधारावर तिन्ही अर्ज दारातून परत पाठवले.

आता आदेशाच्या आत काय आहे ते पाहा. बँकेतून अडीच लाख डॉलरपेक्षा मोठी रक्कम काढायला अमेरिकेतल्या व्यक्तीची सही लागते, म्हणून खरा कारभार मॉरिशसबाहेरून चालतो, असा एक मुद्दा. हा पुराव्याचा मुद्दा आहे आणि पहिल्या पायरीवर तो तपासणं मला तरी गैर वाटत नाही. (त्या सहीसोबत मॉरिशसच्या एका संचालकाचीही सही लागत होती. तीच कागदपत्रं दिल्ली उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये उलट वाचली.) माझा आक्षेप पुढच्या मुद्द्यावर आहे. एएआर म्हणतं, करारातली सूट भारतीय कंपनीच्या शेअरसाठी होती, सिंगापूरच्या कंपनीच्या शेअरसाठी ती कधी अभिप्रेतच नव्हती. अहो, हा तर कराराचा अर्थ झाला! अर्जदाराने विचारलेल्या प्रश्नाचं हे जवळजवळ उत्तरच आहे. 'प्रथमदर्शनी' या शब्दाखाली ते दिलं गेलं आणि पूर्ण सुनावणी मात्र झाली नाही.

तुलनेला २०१० चं ई-ट्रेड मॉरिशस प्रकरण घ्या. तिथेही मॉरिशसची कंपनी, अमेरिकेतली पालक कंपनी, आणि नियंत्रण खरं कोणाचं हीच शंका. पण एएआरने प्रश्न ऐकला, उत्तर दिलं आणि रहिवासाचं प्रमाणपत्र व २००३ चा आझादी बचाओ आंदोलनचा निकाल यांच्या आधारे कर लागत नाही असं सांगितलं. ते उत्तर पटो न पटो, त्याची कारणं मांडलेली आहेत, त्यामुळे वाद घालता येतो.

टायगर ग्लोबलचं पुढे असं झालं: उच्च न्यायालयाने आदेश रद्द केला, आणि जानेवारी २०२६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवून खात्याची बाजू घेतली. रहिवासाचं प्रमाणपत्र म्हणजे अखेरचा शब्द नव्हे, ही त्यातली भूमिका मला पटते. मॉरिशसच्या पाटीमागे कोण आहे हे विचारायलाच हवं. पण त्यामुळे पायऱ्यांचा प्रश्न सुटत नाही. कराराचा अर्थ दाखल होण्याच्या टप्प्यावरच ठरणार असेल, तर दुसऱ्या पायरीवर उरतं काय?

तेव्हा शीटमध्ये 'निकाल' या एका रकान्याऐवजी किमान तीन करा: अर्ज कुठल्या टप्प्यावर संपला, कारण पुराव्याचं होतं की कायद्याच्या अर्थाचं, आणि अर्जदाराच्या मूळ प्रश्नाला उत्तर मिळालं का. सप्टेंबर २०२१ पासून एएआरच्या जागी बोर्डं आली आहेत. त्यात न्यायाधीश नाही, खात्याचेच वरिष्ठ अधिकारी बसतात. त्यांचं रूलिंग बंधनकारक नाही आणि उच्च न्यायालयात अपील करता येतं. जुने-नवे आदेश एकाच रांगेत मोजायचे असतील तर हा चौथा रकानाही लागेल.