साक्षीदार केवळ हाडे नव्हेत

‘विटनेसेस फ्रॉम द ग्रेव्ह’ हे ख्रिस्तोफर जॉइस आणि एरिक स्टोव्हर यांचे इंग्रजी पुस्तक १९९१ साली प्रसिद्ध झाले. सांगाड्यावरून मृताची ओळख पटवणारे अमेरिकन अस्थितज्ज्ञ क्लाइड स्नो यांच्या कामाची ही हकिकत आहे. ती रंजक आहे आणि शिक्षकांनी जरूर वाचावी. एक तक्रार मात्र नोंदवायला हवी.

पुस्तकाचा सर्वांत मोलाचा भाग अर्जेंटिनाचा. तेथील लष्करी राजवटीत, १९७६ ते १९८३ या काळात, हजारो माणसे पळवून नेऊन मारली गेली. अनेकांना बेवारस म्हणून पुरले होते. लोकशाही परतल्यावर न्यायालयांच्या हुकमाने कबरी उकरणे सुरू झाले, पण कुदळ-फावड्यांनी आणि काही ठिकाणी चक्क बुलडोझरने! हाडे मोडली, एकमेकांत मिसळली. १९८४ मध्ये तेथे गेलेल्या स्नो यांनी हे थांबवायला सांगितले आणि पुरातत्त्व, मानवशास्त्र व वैद्यक शिकणाऱ्या काही तरुणांना हाताशी धरून खोदाई शिकवली.

ही मुले काय शिकली? खड्डा खणून बुजवला की मातीचे थर मिसळतात. तिचा रंग आणि घट्टपणा बदलतो. म्हणून आधी वरचा थर हलकेच काढून खड्ड्याची कड शोधायची. मग छोटी थापी, बांबूच्या काड्या व ब्रश वापरायचे. सांगाडा पूर्ण उघडा होऊन मोजमापे, रेखाचित्र व छायाचित्रे होईपर्यंत एकही हाड उचलायचे नाही. माणसाच्या २०६ हाडांपैकी १०६ हाता-पायांच्या पंजांत व मनगट-घोट्यांत असतात. म्हणून डावी-उजवी हाडे वेगवेगळ्या पिशव्यांत भरायची. माती चाळायची, कारण सुटे दात व बंदुकीचे छरे तिच्यात असतात. फासळ्यांमध्ये दिसलेली गोळी मृत्यूबद्दल काही सांगते. तीच चाळणीत मिळाली तर निम्मी साक्ष गेली.

माझी तक्रार येथेच आहे. हाडे सांगतात त्या कथा, असे पुस्तकाचे उपशीर्षक आहे आणि लेखकांचा भर स्नो यांच्या विलक्षण नजरेवर आहे. पण हाड एकटे फारसे बोलत नाही. १९८५ च्या लष्करशहांवरील खटल्यात स्नो यांनी कटीच्या हाडावरील खुणांवरून एक तरुणी प्रसूत झाली होती, असे सांगितले. नंतरच्या अभ्यासांत अशा खुणांचा प्रसूतीशी असलेला संबंध कच्चा ठरला. तरीही त्यांचा निष्कर्ष टिकला, कारण छावणीतून सुटलेल्यांची साक्षही तीच होती. अनेक पुरावे जुळले म्हणजेच विज्ञान भक्कम होते. हे मुलांना सांगायलाच हवे.

त्या मुलांतूनच अर्जेंटिनाचे न्यायवैद्यक मानवशास्त्र पथक उभे राहिले. पुढे डीएनए तपासणी आली, तेव्हा नीट नोंदवून जपलेल्या हाडांमुळे कितीतरी कुटुंबांना आपली माणसे परत मिळाली.

प्रयोगशाळेतील प्रयोग चुकला तर पुन्हा करता येतो. उत्खनन एकदाच होते. वर्गात वाळूच्या परातीत काही वस्तू पुरून, त्या कशा पुरल्या होत्या ते मुलांना शोधायला लावा. एक वस्तू घाईने उचलली की उत्तर कायमचे कसे हरवते, ते त्यांना लगेच कळेल.