तीन वर्षांची रोजनिशी

धर्मप्रचारकांची चरित्रे आपल्याकडे भक्तिभावाने वाचली जातात. त्यांची वाङ्मयीन चिकित्सा क्वचितच होते. ह्यू फिंडले या एकोणिसाव्या शतकातील मॉर्मन मिशनऱ्याची रोजनिशी अशा चिकित्सेस पात्र आहे, असे आम्हांस वाटते. तिचा मोठा भाग मुंबई व पुणे येथला असल्याने ती आपल्याही इतिहासाचे एक पान आहे.

जोसेफ स्मिथ यांनी १८३० मध्ये अमेरिकेत स्थापिलेला हा पंथ १८४७ मध्ये युटाच्या खोऱ्यात स्थिरावला. १८५२ मध्ये स्कॉटलंडचे फिंडले मुंबईस उतरले. पुढील वर्षी त्यांचे बंधू ॲलन येऊन मिळाले. वृत्तपत्रांची टीका, अन्यपंथीय पाद्र्यांचा विरोध आणि लष्करी छावणीतील अडथळे सोसून फिंडले यांनी पुण्यात एक लहानशी मंडळी उभी केली. तीत भरणा मुख्यतः युरोपीयांचा होता. अशातच पंथाने बहुपत्नीत्वाचा जाहीर पुरस्कार केल्याची वार्ता येथे पोहोचली आणि त्यांची वाट अधिकच बिकट झाली. १८५५ मध्ये मराठ्यांना उद्देशून लिहिलेली त्यांची पुस्तिका निघाली व त्याच वर्षी ते परतले.

ही रोजनिशी कुटुंबीयांनी १९७३ मध्ये प्रसिद्ध केली. १९९९ मध्ये लॅनियर ब्रिच यांनी या साऱ्या मोहिमेचा इतिहास लिहिला. त्याच्या नावातच या प्रचारकांच्या शौर्याचा गौरव आहे. ते शौर्य आम्हांस मान्य आहे. परक्या मुलखात, तुटपुंज्या साधनांनिशी उभे राहणे सोपे नसते. परंतु ज्यांच्यासाठी हा प्रवास झाला, त्या मराठी माणसाच्या कानी नेमके काय पडले, हा प्रश्न अशा गौरवात मागे पडतो.

येथे फादर थॉमस स्टीफन्स यांची आठवण होणे अपरिहार्य आहे. हे येशूसंघीय धर्मगुरू १५७९ मध्ये गोव्यास आले. त्यांचे 'क्रिस्तपुराण' छापून निघाले १६१६ मध्ये. मधली सदतीस वर्षे त्यांनी येथील भाषा ऐकण्यात, बोलण्यात व ओवीत बसविण्यात घालविली. फिंडले यांना जेमतेम तीन वर्षे मिळाली. पंथभेद बाजूस ठेवला, तरी हे अंतर उरतेच.

दुसरी बाजू बाबा पद्मनजींच्या 'अरुणोदय' या आत्मचरित्रात भेटते. फिंडले पुण्याकडे धडपडत असतानाच, १८५४ मध्ये, पद्मनजींचा बेळगावी बाप्तिस्मा झाला. श्रद्धा बदलताना घर, जात व आप्त यांच्याशी होणारी ओढाताण आतून कशी असते, हे ते पुस्तक सांगते. सांगणाऱ्याची रोजनिशी आणि ऐकणाऱ्याचे आत्मचरित्र शेजारी ठेवून वाचावे, असे आम्ही सुचवितो.

हा विचार केवळ परपंथीयांपुरता नाही. आपल्या धर्मग्रामांच्या स्मरणिकांतही पहिल्या धर्मगुरूंचे कष्ट, बाप्तिस्म्यांची संख्या व बांधकामाची वर्षे आढळतात. त्यांना भाषा कोणी शिकविली, भाकर कोणी दिली, हे आढळत नाही. शिरवण्यासारख्या ठिकाणी जुने गावठाण आणि मागाहून आलेली कुटुंबे शेजारी नांदतात. तेथील स्मरणिका लिहिणाऱ्याने आधी त्या वयोवृद्ध शेजाऱ्यांकडे जाऊन बसावे. फिंडले यांच्या पुण्यातील शेजाऱ्यांना विचारायला आता कोणी उरलेले नाही.